अर्धी जुळणी

भोरडी नदीच्या चौदाव्या ठाण्यावर यंत्रानं केतकी मगदूमला विचारलं, "तुमच्यासोबत तुमचे कुणी नातेवाईक काम करत आहेत का?"

तिनं 'नाही'वर बोट टेकवलं आणि बुटांतलं पाणी ओतायला वाकली. यंत्रानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"काय म्हणतंय?" जीपमागून नजीरभाईंचा आवाज आला. सर्वेक्षणाची जीप चालवायला लागून त्यांना सहा वर्षं झाली होती. यंत्र कुरकुरायला लागलं की आधी त्यांनाच कळायचं.

"काही नाही. अडकलंय."

यंत्र अडकलं नव्हतं. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सर्वेक्षकाशी अर्धी जुळणी.

नदीत आणि नदीकाठी जे जे जगतं, ते पाण्यात स्वतःचं काहीतरी सोडत राहतं. माशाचा खवला, बेडकाच्या अंगावरचा चिकटा, पाणमांजराची विष्ठा, उंबराचं कुजलेलं पान. त्या प्रत्येक कणात ज्याचा त्याचा डीएनए असतो. पूर्वी खोऱ्याची तब्येत बघायची तर माणसं महिनोन्‌महिने जाळी टाकून आणि दगड उलथून किडे मोजत बसायची. आता लिटरभर पाणी गाळायचं, गाळणीवर राहिलेला गाळ एका चाचणीपट्टीवर सोडायचा आणि पट्टी डब्याएवढ्या यंत्रात सारायची. चाळीस मिनिटांत यादी हातात येते. मासे कोणते, किडे कोणते, शेवाळं कोणतं, रोगजंतू कोणते. त्यावरून त्या ठाण्याला शंभरपैकी आकडा मिळतो. भोरडीच्या खोऱ्यात अशी चोवीस ठाणी होती आणि केतकीजवळ मोजून चोवीस पट्ट्या. एक पट्टी एकदाच चालते. नव्या पट्ट्या मागवल्या तर यायला दहा-बारा दिवस.

माणूसही या यादीत येतोच. कुणी ओढ्यावर तोंड धुतं, कुणी कपडे पिळतं. पण माणसाचा डीएनए वाचायला कायद्यानं बंदी होती. काही वर्षांपूर्वी एका विमा कंपनीनं गावोगावच्या नाल्यांतून कुणाच्या रक्तात कोणता आजार आहे ते शोधून काढलं होतं, तेव्हापासूनची ही बंदी. मानवी भाग दहा मिनिटांत आपोआप पुसला जाई. अपवाद फक्त सर्वेक्षकाचा. त्याचा स्वतःचा डीएनए बाटलीत पडतो, म्हणून तो यंत्रात आधीच नोंदवलेला असतो आणि यंत्र तो प्रत्येक नमुन्यातून वजा करतं.

आज ती वजाबाकी करताना यंत्राला आणखी कुणीतरी दिसलं होतं.

अर्धी जुळणी म्हणजे काय, हे केतकीनं दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. भाऊ-बहिणींची जुळणी तुकड्यातुकड्यांची असते. कुठे पूर्ण, कुठे काहीच नाही. प्रत्येक ठिकाणी नेमका एक धागा सारखा असेल तर ते आईबाप असतात, नाहीतर मूल. केतकीला मूल नव्हतं. आईकडून मुलांना जसाच्या तसा जाणारा एक वेगळा डीएनए असतो, तो इथे जुळत नव्हता, म्हणजे आईही नाही. डीएनएवरच्या वयाच्या खुणांवरून यंत्रानं अंदाज दिला होता : साठ ते पासष्ट. आणि शेवटच्या रकान्यात आरएनए सापडल्याची खूण होती. आरएनए पाण्यात काही तासांतच विरून जातो. म्हणजे ज्याचा हा होता, तो माणूस आज सकाळी या नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी जिवंत होता.

अकरा वर्षांपूर्वी केतकीचे वडील महावीर मगदूम एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला म्हणून सांगलीहून निघाले, ते परत आले नाहीत. दूध संघाच्या प्रयोगशाळेत ते दुधाचं फॅट तपासत. त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं, व्यसनही नव्हतं. चार महिन्यांपूर्वी कोर्टानं त्यांना मृत जाहीर केलं होतं.

पुसलं जायला तीन मिनिटं उरली होती. केतकीनं दुरुस्तीचा पासवर्ड घालून 'राखून ठेवा' दाबलं.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

"केतू, दुकानात आहे. अबोली घेऊ का डाळिंबी? उपाध्ये सर म्हणतात डाळिंबी. मला वाटतं, या वयात डाळिंबी म्हणजे जरा जास्तच."

शुक्रवारी आईचं लग्न होतं. नोंदणी कार्यालयात, अकरा वाजता, भूगोलाचे निवृत्त शिक्षक उपाध्ये सरांबरोबर. केतकीनंच दोघांना तयार केलं होतं.

"डाळिंबी घे," ती म्हणाली.

"आवाज का असा येतोय तुझा?"

"पाण्यात उभी आहे."

चौदाव्या ठाण्याच्या वर भोरडीला दोन फाटे फुटतात. लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. थोरलीची तपासणी गेल्या वर्षी झाली होती. उरलेली दहा ठाणी सगळी धाकटीवर होती. नजीरभाईंनी जीप धाकटीच्या रस्त्याला वळवली, तशी केतकी म्हणाली, "आधी थोरलीकडे."

"थोरली झाली की मॅडम."

"एक बाटली घ्यायचीय फक्त."

थोरलीच्या तोंडाशी तिनं पाणी भरलं, यंत्र फक्त मानवी वाचनावर लावलं आणि धाकटीसाठी ठेवलेली पट्टी आत सारली. चाळीस मिनिटं ती काठानं येरझाऱ्या घालत राहिली. तिला बसवेना. नजीरभाईंनी चहा दिला तो दगडावर ठेवला आणि तिथेच विसरली. यंत्र वाजलं. अर्धी जुळणी, आधीपेक्षा दाट.

पुढे दोन किलोमीटरवर एक ओढा थोरलीला मिळत होता. ओढ्यात काही नाही, नदीत होतं. त्याच्या वर पुन्हा दोन ओढे. डाव्यात नाही, उजव्यात आहे. प्रत्येक संगमावर एक पट्टी, कधी दोन. प्रत्येक वेळी ती स्वतःला सांगायची, ही शेवटची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटीत एकच पट्टी उरली.

"या बाटल्यांना नंबर नाही घातला तुम्ही," नजीरभाई हळूच म्हणाले.

"घालते."

"मॅडम, मी काय शिकलेला नाही. पण दोन दिवस तुम्ही जेवलेला नाही."

तिची नजर समोरच्या चढावर होती. ओढा तिथे संपत होता. वर खडकाळ, सपाट सड्याच्या कडेला पाच-सहा घरं होती आणि एका छपरातून धूर निघत होता.

तो धनगरवाडा होता. पहिल्याच घरापाशी एक बाई म्हशीला पाणी पाजत होती. तिचं नाव बयाबाई झोरे. केतकीनं विचारलं, "इथे बाहेरून आलेले कुणी राहतात का? साठीचे?"

"मास्तर व्हय? त्ये भट्टीवर हायती. खवा आटिवत्यात." बयाबाईनं तिच्याकडे निरखून बघितलं. "तुमी त्यांच्या कोन?"

केतकी तोवर छपरात शिरली होती.

मोठ्या कढईत दूध आटत होतं आणि एक वाळका माणूस लांब उलथण्यानं ते हलवत होता. केस पूर्ण पांढरे. समोरचे दोन दात नव्हते. धुरानं डोळे तांबडे झाले होते. पण मान तिरकी करून कढईत बघायची सवय तीच होती. प्रयोगशाळेतल्या काचनळ्या ते तशाच बघायचे.

"पप्पा," ती म्हणाली.

उलथणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा फिरू लागलं.

"थांबलो तर करपेल," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "केतू ना?"

"हो."

"कसा सापडलो?"

"पाण्यात."

तिनं थोडक्यात सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "अरे वा" म्हणाले, एखाद्या नव्या उपकरणाबद्दल म्हणावं तसं. त्या दोन शब्दांनी तिचा तोल गेला.

"अरे वा काय? अकरा वर्षं! कुठे बेवारस प्रेत सापडलं की पोलीस आम्हाला फोन करायचे. बघायला मी जायचे, आईला नेत नव्हते. किती माणसं बघितली मी, तुम्हाला कल्पना आहे? काय झालं होतं? कुणी काय केलं होतं तुम्हाला?"

"कुणी काही नाही."

"मग?"

कढईच्या कडेला लागलेली साय त्यांनी खरवडून मध्ये ओढली.

"जाधवाला पोचवून येत होतो. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. आपला थांबा आला. उतरायचं म्हणून उठलो आणि परत बसलो. म्हटलं, पुढच्याला उतरू. पुढचाही गेला. शेवटपर्यंत आलो तर इथे खाली रस्ता संपत होता. वाटलं, उद्या जाऊ. मग उद्या सांगायचं काय, ते सुचेना. आठवड्यानं तर काहीच सांगण्यासारखं उरलं नाही. एवढंच झालं, केतू. मीही पुष्कळ शोधलं, दुसरं कारण सापडत नाही."

तिला वाटलं होतं, काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. कर्ज, आजार, दुसरी बाई, गुन्हा. निदान क्षमा करायला किंवा न करायला तरी काही हाती लागेल. इथे फक्त धूर होता आणि म्हातारा होत चाललेला एक माणूस दूध हलवत होता.

"शुक्रवारी आईचं लग्न आहे," ती म्हणाली.

उलथणं फिरत राहिलं. "कुणाशी?"

"उपाध्ये सर म्हणून आहेत. भूगोल शिकवायचे."

"मग तिला काही सांगू नकोस. मी मेलेला आहे तोच बरा." पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. "तू खा ना थोडा खवा. अजून गरम आहे."

ती न खाताच खाली उतरली.

धाकटीवर पोचायला तिसरा दिवस उजाडला. हातात अर्धा दिवस होता, अहवाल बुधवारी द्यायचा होता. केतकी धावतच एकेका ठाण्यावर गेली, बाटल्या भरल्या, नंबर घातले, बर्फाच्या पेटीत टाकल्या. शेवटची पट्टी तिनं धाकटीच्या सर्वांत खालच्या ठाण्यावर वापरली. आकडा आला अठ्ठ्याहत्तर. चांगला होता.

वरच्या एका डोहापाशी नजीरभाई थांबले. "मॅडम, बेडूक लई मेलेत हितं."

तिनं वळून बघितलं. दगडांवर सात-आठ बेडूक पाय ताणून पडले होते.

"थंडीनं असतील. चला."

बुधवारी सकाळी कार्यालयाच्या टेबलाशी बसून तिनं नऊ ठाण्यांचे आकडे अंदाजानं भरले. शहात्तर, एक्क्याऐंशी, एकोणऐंशी. बारा वर्षांच्या अनुभवातून काढलेले अंदाज होते, अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. तरी बटण दाबल्यावर तिनं हात पुसले.

दुपारी ती घरी गेली. पलंगावर साड्या पसरल्या होत्या आणि आई डाळिंबी साडीला फॉल लावत होती. शैलजाबाई साठीच्या झाल्या होत्या, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवत.

वाटेत केतकीनं ठरवलं होतं, शुक्रवार होऊन जाऊ दे. पण ती दारातच उभी राहून म्हणाली, "आई, पप्पा जिवंत आहेत."

सुई थांबली.

"तू बघितलंस?"

"हो. बोलले."

"तब्येत?"

"बरी आहे. दोन दात पडलेत."

आईनं सुई फॉलला टोचून ठेवली. बराच वेळ ती साडीचा काठ बोटांनी सरळ करत राहिली. केतकीनं खुर्चीत बसून सगळं सांगितलं, एसटीचं, धनगरवाड्याचं, कढईचं. कारण सांगताना तीच ओशाळली.

"बसून राहिले?" आई म्हणाली. "नुसते बसून राहिले?"

"हो."

"ते म्हणाले असतील, सांगू नकोस म्हणून."

"हो."

आई उठली, पाणी प्यायली आणि फोन लावला. "सर? शुक्रवारचं रद्द. माझा नवरा जिवंत निघाला. नाही, रडत नाहीये. तुम्ही संध्याकाळी जेवायला या, मग सांगते." फोन ठेवून ती वळली. "त्या कोर्टाच्या कागदावर सही करताना माझा हात धरून ठेवावा लागला होता वकिलांना. वाटत होतं, मीच त्यांना मारतेय आणि वर लग्नाला उभी राहतेय. आता नको ते. घटस्फोट घेईन, सरळ जिवंत माणसाकडून. त्यांची सही लागेल."

"मी आणते."

"तू नको. मी जाणार." ती पुन्हा बसली. "मला एक सांग. पाण्यातून माणसं ओळखायची परवानगी असते तुम्हाला?"

"नसते."

"आणि त्या पट्ट्या नदीसाठी होत्या ना?"

केतकीनं मान डोलावली.

"मग नदीचं काय केलंस?"

आईच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. केतकीला खुर्चीत बसून राहणं अशक्य झालं. ती गच्चीवर गेली आणि तिथून तिनं खोरे-परीक्षण केंद्राच्या प्रमुख डॉ. पारसनीस यांना फोन लावला. बोलायला चार मिनिटं पुरली.

"नऊ बाटल्या कुठे आहेत?" पारसनीस बाईंनी विचारलं.

"बर्फात."

"हात लावू नकोस त्यांना. उद्यापासून येऊही नकोस." मग त्या म्हणाल्या, "केतकी, दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं."

नव्या पट्ट्या यायला बारा दिवस लागले. दुसऱ्या तुकडीनं त्या बाटल्या वाचल्या. एकोणीस, वीस आणि एकवीस नंबरच्या ठाण्यांवर बेडकांच्या कातडीवर वाढणारी बुरशी सापडली, सह्याद्रीत पूर्वी कधी न नोंदलेला वाण. ही बुरशी कातडी जाड करते. बेडूक कातडीनं श्वास घेतो, त्यामुळे तो आतल्या आत घुसमटतो. ती पसरते ओल्या बुटांवरून, जनावरांच्या खुरांवरून. सोमवारीच कळलं असतं तर तीन डोहांत तिला अडवता आली असती. त्या बारा दिवसांत ती संगमापर्यंत उतरली. थोरलीत अजून पोचली नव्हती, म्हणून संगमाच्या पुलावर फाटक बसलं आणि वरचं सगळं खोरं बंद झालं. केतकीचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. तिनं ते पत्र वाचलं आणि घडी करून ठेवलं. तीन डोहांचा विचार मात्र कशानंच जाईना. भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना, दगडावर पाय ताणून पडलेले ते बेडूक तिला दिसत राहत.

जानेवारीच्या एका सकाळी आई, उपाध्ये सर आणि केतकी संगमावर पोचले. जीप नजीरभाईंनी ओळखीच्या माणसाची मागून आणली होती. बयाबाईंच्या फोनवर निरोप गेला होता. फाटकाच्या पलीकडे महावीर मगदूम उभे होते, धुतलेला सदरा घालून, हात मागे बांधून.

फाटकापाशी औषधाच्या पाण्याचा एक उथळ ट्रे होता. पहारेकरी म्हणाला, "पलीकडं जायचं तर दोन मिनिटं यात उभं ऱ्हायचं. येतानाबी."

उपाध्ये सर जीपमध्येच थांबले. "तुम्ही जाऊन या, शैलजाबाई. मी इथेच आहे."

केतकीला वाटलं होतं, पप्पा येतील अलीकडे. ते जागचे हलले नाहीत. आईनं पाच मिनिटं वाट बघितली. मग तिनं साडी घोट्याच्या वर धरली, चपलांसकट ट्रेमध्ये उभी राहिली आणि दोन मिनिटं झाल्यावर पलीकडे गेली.

काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. आधी आईच बोलत होती. नंतर पप्पांनी काहीतरी सांगितलं आणि आईनं मान फिरवून नदीकडे बघितलं. मग त्यांनी पुलाच्या कठड्यावर कागद ठेवून सह्या केल्या, तीन ठिकाणी. आई परत ट्रेमध्ये उभी राहिली, अलीकडे आली आणि कागद पिशवीत घालून जीपमध्ये बसली.

"झालं," ती म्हणाली. उपाध्ये सरांनी तिला पाण्याची बाटली दिली. ती घोटभर प्यायली. मग तिचा चेहरा एकदम विस्कटला. "किती वाळलेत हो ते," ती म्हणाली आणि सरांच्या खांद्याला डोकं टेकून रडली.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले. "केतू, ते विचारत होते, तुझी नोकरी त्यांच्यामुळे गेली का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिलाच विचारा."

नजीरभाईंनी जीप सुरू केली. पप्पा अजून तिथेच उभे होते. जीप वळली, दहा-बारा पावलं पुढे गेली.

"थांबा," केतकी म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी संध्याकाळच्या एसटीनं येते."

ती चालत परत आली आणि ट्रेमध्ये उभी राहिली. औषधाचा उग्र वास नाकात गेला. पहारेकऱ्यानं घड्याळ बघितलं. पलीकडे वडील, मध्ये फाटक. दोन मिनिटं कुणालाही कुठे हलता येत नव्हतं. गेले कित्येक आठवडे ती एवढी स्थिर उभी राहिली नव्हती.

"नोकरी माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही. नऊ बाटल्या मी वाचल्या नाहीत."

ते ऐकत होते.

"थोरलीतले बेडूक आता दर आठवड्याला मोजावे लागणार आहेत. यंत्राला मला हात लावता येत नाही. हातानंच मोजायचे, डोहाडोहानं. वर राहणारं कुणीतरी हवंय."

"मला बेडकांतलं काही कळत नाही," पप्पा म्हणाले.

"शिकवते. पण न चुकता मोजावे लागतील. एक आठवडा जरी गेला, तर पुढच्याला काही अर्थ नाही."

त्यांनी मान तिरकी करून पाण्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"झाली दोन मिनिटं," पहारेकरी म्हणाला.

"कुठल्या डोहापासून धरायचं?" पप्पांनी विचारलं.

केतकीनं पाय ट्रेमधून बाहेर काढला आणि फाटकातून पलीकडे गेली.